गोव्यातला चार वर्षांचा ऑनर्स की दिल्ली-पुण्याचं नावाजलेलं कॉलेज?

गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी २०२३-२४ पासून सुरू झाली. त्या वर्षी दाखल झालेली पहिली तुकडी २०२६-२७ ला चौथ्या वर्षात पोचते. म्हणजे ज्या वर्षामुळे पदवीपुढे ‘ऑनर्स’ लागतं, त्या वर्षाची गोव्यात अजून परंपरा तयार झालेली नाही. प्रॉस्पेक्टस कितीही गुळगुळीत असलं, तरी आधी शिकून गेलेल्या दहा मुलांना गाठून विचारण्याची सोय इथे नाही. तपासणी आपली आपणच करावी लागते.

बारावीला चांगले टक्के पडले की घराघरांत तोच प्रश्न येतो. मिरामार, मडगाव, म्हापशाच्या कॉलेजात राहून ऑनर्स करायचा, की दिल्ली, पुणे, मुंबईचं मोठं नाव गाठायचं? आमचा कौल आधीच सांगून टाकतो. कॉलेजची पाटी पाटीशी ताडून बघू नका. इथल्या विभागाचं चौथं वर्ष आणि तिथल्या विभागाचं चौथं वर्ष, एवढीच तुलना करा. तसं केलं की काही विषयांत गोव्यातली सीट अपेक्षेपेक्षा बरीच सरस निघते, आणि काही विषयांत तिचा विचारही करू नये असं दिसतं.

आधी माल काय मिळतो ते बघू. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये काढलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (पेपरांचं वजन मोजायचं एकक) लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तीन वर्षांत मेजर म्हणजे मुख्य विषयाला ६० आणि मायनर म्हणजे जोडविषयाला २४ क्रेडिट जातात, चार वर्षं केलीत तर मेजर ८० आणि मायनर ३२. बाकीचं भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, दुसऱ्या शाखेचे पेपर आणि इंटर्नशिप यांत वाटलं जातं. हा ढाचा देशभर साधारण सारखाच आहे. तेव्हा ‘आमच्याकडे ऑनर्स आहे’ हे कोणत्याही कॉलेजचं वैशिष्ट्य राहिलेलं नाही. दिल्ली विद्यापीठाचा हिशेब थोडा जड आहे, दर सत्राला २२ याप्रमाणे आठ सत्रांना १७६ क्रेडिट. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांनी हा आराखडा २०२३-२४ पासून घेतला, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी.

खरा फरक चौथ्या वर्षात पडतो, आणि तिथे दोन वेगळ्या वाटा आहेत. एक साधा ऑनर्स, दुसरा संशोधनासह ऑनर्स. संशोधनवाल्याच्या चौथ्या वर्षाच्या ४० क्रेडिटपैकी १२ प्रबंधाला जातात. साध्या ऑनर्समध्ये त्या १२ च्या जागी चार-चार क्रेडिटचे तीन पेपर येतात. प्रवेश घेताना हा फरक कोणी नीट समजावून सांगत नाही. साधा ऑनर्स म्हणजे वर्गात बसून काढलेलं आणखी एक वर्ष. त्यानंतर एका वर्षाची एम.ए. किंवा एम.एस्सी. नक्की मिळणार असेल तरच ते वर्ष वसूल होतं. तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण हेही पाचच होतात. आणि तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात तुमच्या विषयाला एका वर्षाचा अभ्यासक्रमच नसला, तर पुन्हा दोन वर्षांच्या वर्गात बसावं लागेल आणि एक वर्ष पाण्यात जाईल. म्हणून सहाव्या सत्राच्या आतच, जिथे पुढे जायचं आहे तिथलं माहितीपत्रक उघडून बघा.

संशोधनासह ऑनर्सचं गणित वेगळं आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के किंवा तितकी श्रेणी असेल, तर पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेला थेट बसता येतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल गटाला ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही ही मुलं बसू शकतात. संशोधनातच जायचं असेल त्याचं एक वर्ष वाचतं, ही या पदवीची सगळ्यात ठोस जमेची बाजू.

पण त्या वर्गात शिरायलाच पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात, आणि गाडी नेमकी इथे अडते. अकरावी-बारावीत शिकवणीवर तगलेली मुलं पहिल्या दोन सत्रांत घसरतात. समजा पहिल्या सत्राला ६२ आणि दुसऱ्याला ६८ पडले. सगळ्या सत्रांचं वजन सारखं धरलं, तर सहा सत्रांची बेरीज ४५० हवी. हातात १३० आहेत, उरलेल्या चार सत्रांत ३२० काढायचे, म्हणजे प्रत्येक सत्राला ८०. मेजरचे अवघड पेपर वाढत जातात तेव्हाच हे करायचं असतं. मुलं बहुतेक करून मोठ्या परीक्षेत मार खात नाहीत, आयएसएत, म्हणजे सत्र चालू असतानाच्या अंतर्गत मूल्यमापनात, खातात. अंतर्गत चाचणी चुकवली, असाइनमेंट उशिरा दिली, कौशल्याचा पेपर ‘सोपा आहे’ म्हणून सोडून दिला. भाषा आणि मूल्यशिक्षणाच्या पेपरांना नाकं मुरडणारे पुढे अर्ध्या टक्क्यासाठी हात चोळतात. ७५ चा हिशेब सरसकट सगळ्या पेपरांवर आहे की फक्त मेजरवर, आणि ग्रेड पॉइंटचे टक्के कसे करायचे, हे कॉलेजकडून पहिल्याच वर्षी कागदावर घ्या. नियम बदलतात. दिल्ली विद्यापीठाने २०१३ ला चार वर्षांची पदवी आणली होती आणि २०१४ ला ती मागेही घेतली होती.

आता गाईड. गोव्यातल्या कॉलेजांत सगळे शिक्षक कायम नसतात. बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर असतात, काही लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारे. शिकवण्यात ते उणे असतात असं मुळीच नाही, कित्येकदा तेच जास्त जीव ओतून शिकवतात. पण लेक्चर बेसिसवरचा माणूस पुढच्या जूनला त्याच कॉलेजात असेल याची हमी नाही, आणि प्रबंध वर्षभर चालतो. तेव्हा विभागात जाऊन विचारायचं ते असं: पीएचडी झालेले कायम शिक्षक किती, त्यांतल्या कोणाचं काम गेल्या पाच वर्षांत छापून आलं आहे, एकेका गाईडकडे किती मुलं देणार, आणि गाईडची बदली झाली किंवा रजा पडली तर प्रबंध कोणाकडे जाणार. बदलीचा प्रश्न सरकारी कॉलेजांत विशेष. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे या कॉलेजांतले शिक्षक एका आदेशाने इकडून तिकडे जातात. विभागप्रमुख उत्तर देताना ‘होईल काहीतरी’ म्हणाले, तर साधा ऑनर्स धरूनच चाला.

विज्ञान शाखेत प्रयोगशाळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय फी भरू नये. रसायनशास्त्रात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक ठिकाणी दिसेल. तो चालतो का, हे लॉगबुकात कळतं. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ती बघा. सूक्ष्मजीवशास्त्रात ऑटोक्लेव्ह आणि लॅमिनार एअरफ्लो सहाव्या सत्राच्या प्रॅक्टिकलला पुरतात, पण दहा मुलांचे दहा वेगवेगळे प्रकल्प एकाच वेळी सुरू झाले की रांग लागते. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका क्रेडिटला ३० तास धरले, तर १२ क्रेडिटचा प्रबंध म्हणजे ३६० तास. तेवढे तास लॅब उघडी असते का? अटेंडंट चारला कुलूप लावून घरी जात असेल तर नाही. रसायनं आणि किट कोणाच्या पैशाने येणार, हेही विचारा. ते विद्यार्थ्याच्या माथी येणार असेल, तर विषय निवडतानाच खर्चाचा अंदाज हवा.

एवढ्या अडचणी मोजूनही काही विषयांत गोवा सोडणं आम्हाला चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण कॉलेजांच्या भिंतीबाहेर आहे. दोनापावलला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. जुन्या गोव्याला किनारपट्टी शेतीची केंद्रीय संस्था आहे, आणि ताळगावच्या पठारावर विद्यापीठाची भूगर्भ, सागर आणि वातावरणविज्ञानाची शाळा. सागरी जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणात प्रबंध करणाऱ्या मुलाला हे सगळं तास-दीड तासाच्या बसप्रवासात मिळतं. दिल्लीच्या सर्वोत्तम कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला खारफुटी बघायची तर रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. चोडणची खारफुटी, बांध घालून राखलेली खाजन शेती, मांडवी-जुवारीचं निमखारं पाणी, सत्तरीचं रान ही इथली फुकटची प्रयोगशाळा आहे.

मात्र ती आपोआप हाती येत नाही. संस्थेत इंटर्न म्हणून बसायचं तर कॉलेजचं पत्र आणि तिथल्या वैज्ञानिकाची संमती लागते, आणि ती पत्रं सहाव्या सत्रातच धाडायला हवीत. म्हादई किंवा खोतीगाव अभयारण्यात काम करायचं तर वन खात्याची परवानगी हवी, तिला वेळ लागतो. आणि पाऊस! सातवं सत्र ऐन पावसात सुरू होतं. बेडूक, शेवाळ, भातशेती हे विषय असतील तर तोच हंगाम, पण किनाऱ्याची वाळू किंवा ओहोटीच्या खडकांवरचे जीव मोजायचे असतील तर सप्टेंबर उलटेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. पहिले तीन महिने वाचन आणि पद्धत ठरवण्यात घालवा, नमुने ऑक्टोबर ते जानेवारीत गोळा करा, फेब्रुवारीत विश्लेषण. डिसेंबरात जागे झालेले प्रबंध मार्चमध्ये इंटरनेटवरून उतरवलेले निघतात.

कला शाखेत इतिहासाचं तसंच आहे. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पोर्तुगीज दप्तरांसोबत तिथे मराठीतले मोडी कागदही आहेत. जोडीला पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ ची, आणि पर्वरीचं इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर. मेख एवढीच की पोर्तुगीज किंवा मोडी यांपैकी एक तरी वाचता आलं पाहिजे. मायनर किंवा कौशल्याच्या पेपरात पहिल्या वर्षापासून ती सोय करून घेतली नाही, तर चौथ्या वर्षी अभिलेखागारात जाऊन नुसती वाळवी बघावी लागेल. मराठी विषयाच्या मुलांनाही दशावतार, जत्रेतली नाटकं, जुनी गोमंतकीय नियतकालिकं असा ऐवज इथेच मिळतो, पुण्यात नाही.

मग मोठ्या नावाकडे काय आहे? बरंच काही. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, वाणिज्य, राज्यशास्त्र, इंग्रजी या विषयांत आम्ही बाहेर जाण्याच्या बाजूने आहोत. या विषयांना लॅब लागत नाही. त्यांना लागतो तो आजूबाजूचा जमाव: वाद घालणारे वर्गमित्र, दर आठवड्याला येणारे पाहुणे वक्ते, पदवीनंतर लगेच मुलाखती घ्यायला येणाऱ्या कंपन्या. दिल्लीत कन्सल्टिंग आणि वित्त कंपन्या ठरावीक कॉलेजांत जातात, त्यांतल्या काही तर दुसरीकडे फिरकतही नाहीत. अशा ठिकाणी नावाची किंमत रोकडी आहे. पण ती ठरावीक कॉलेजांचीच आहे. ‘दिल्ली विद्यापीठ’ एवढ्याच शिक्क्यावर कोणी नोकरी देत नाही. सत्तराहून अधिक कॉलेजांतलं शेवटच्या फेरीत मिळालेलं एखादं कॉलेज आणि एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०२४ च्या कॉलेज यादीत पहिलं आलेलं हिंदू कॉलेज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय ती यादी अख्ख्या कॉलेजची असते. तिच्यावरून वनस्पतिशास्त्राच्या विभागाबद्दल काहीच कळत नाही.

पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स ही दोन्ही स्वायत्त कॉलेजं गोव्याच्या मुलांना भाषेने आणि अंतराने जवळची. वर्ग चांगले, ग्रंथालयं समृद्ध. पण महाराष्ट्राचं आरक्षण गोव्याच्या दाखल्यावर मिळेल असं गृहीत धरू नका, परराज्यातल्यांच्या जागा मोजक्या असतात. केंद्रीय विद्यापीठांत गोव्याच्या गावडा, कुणबी, वेळीप समाजाचा अनुसूचित जमातीचा दाखला चालतो, २००३ पासून ते त्या यादीत आहेत. ओबीसींनी मात्र आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघावं आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा काढावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला अपलोड करून जागा घालवणं ही दर वर्षीची रड आहे.

दिल्लीचं दार सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून उघडतं. २०२५ पासून एकूण जास्तीत जास्त पाच पेपर घेता येतात, प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा. गोवा बोर्डाची मुलं इथे दोन ठिकाणी आपटतात. पहिलं म्हणजे विषय निवडताना. दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताचा पेपर लागतो. अकरावीला वाणिज्य शाखेत गणित सोडलेल्या मुलाला बारावीत ९५ टक्के असले तरी ते दार बंद. दुसरं म्हणजे अभ्यास. सीयूईटी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली असते आणि बोर्डाच्या दीर्घोत्तरांची सवय तिथे कामी येत नाही.

एक गोष्ट वादाच्या पलीकडची. विज्ञानात संशोधन करायचं आहे आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सी या भारतीय विज्ञान संस्थेत जागा मिळते आहे, तर गोव्यातला ऑनर्स त्यापुढे उभा राहत नाही. तिथे पदवीच संशोधनाभोवती रचलेली आहे. आयसरची परीक्षा तीन तासांची, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न. ती तयारी बारावीबरोबरच करावी लागते.

ज्यांना बारावीनंतर ते जमत नाही, त्यांच्यासाठी आम्हाला सगळ्यात शहाणी वाटणारी वाट तिसरीच आहे: तीन वर्षं गोव्यात, १२० क्रेडिटवर पदवी, आणि मग नाव. विज्ञानाला जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्या, आयआयटीत दोन वर्षांची एम.एस्सी. मिळते. तीन तासांचा, १०० गुणांचा, ६० प्रश्नांचा पेपर. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, जैवतंत्रज्ञान, भूगर्भ आणि अर्थशास्त्र एवढे विषय. कला शाखेला सीयूईटीच्याच पदव्युत्तर परीक्षेतून, सीयूईटी-पीजीतून, जेएनयू किंवा हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ. नोकरी देणारा शेवटच्या पदवीकडे बघतो, बी.एस्सी. मडगावची होती की मुंबईची हे दोन मिनिटांत मागे पडतं. तयारी चौथ्या सत्रापासून, शिकवणीशिवायही होते.

पैशांचा हिशेब थोडक्यात. बाहेर राहणं, जेवण, प्रवास मिळून महिन्याला १५ हजार धरले, तर दहा महिन्यांचे दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख, फी वेगळी. दिल्लीच्या अनेक कॉलेजांना हॉस्टेल नाही, असलं तर जागा तुटपुंज्या. पेइंग गेस्ट ठेवणारे एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी घेतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. बाहेरच्या नामवंत संस्थेत जात असाल तर केंद्राची पीएम विद्यालक्ष्मीही बघा: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, तारण नाही, जामीनदार नाही. पण संस्था त्यांच्या यादीत हवी. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्याला इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८० हजार गोव्यात राहूनही मिळू शकतात. त्या वर्षाची सूचना निघाली का यावर डोळा ठेवा. घरी राहून हे पैसे मिळाले, तर बाहेरच्या मधल्या दर्जाच्या कॉलेजसाठी कर्ज काढणं आम्हाला पटत नाही.

उरला तारखांचा घोळ. गोवा बोर्डाचा निकाल लवकर लागतो, इथले प्रवेश उरकतात, आणि दिल्लीच्या जागावाटपाच्या याद्या त्यानंतर कितीतरी दिवसांनी लागतात. म्हणून इथली जागा धरून ठेवावीच लागते. प्रवेश घेताना मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे सोडू नका. तपासून परत द्यायची असते, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट पर्वरीच्या बोर्डातून वेळेत काढून ठेवा. दिल्लीच्या पोर्टलवर जागा मिळाली की ती गोठवायची की वरच्या पसंतीसाठी थांबायचं असा पर्याय येतो. वरची मिळाली की आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही, त्यामुळे पसंतीक्रमात खरंच नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. दिल्लीची जागा पक्की झाली की त्याच दिवशी इथला प्रवेश रद्द करा. फी परतीचे टक्के तारखेनुसार घसरतात, १०० वरून ९०, ८०, ५० आणि शेवटी शून्य, आणि यूजीसी त्यासाठी दर वर्षी नवं परिपत्रक काढते. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, ऑफिसचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. फोनवर ‘सांगून ठेवलं आहे’ याला परताव्याच्या वेळी काडीची किंमत नसते.